लाल फुल्या

एइला राउतिओला एका जागी बसवत नसे, आणि नशिबानं पोटापाण्याचं काम मिळालं ते दिवसभर खुर्चीत बसायचं. टेबलाखाली तिचा उजवा पाय सारखा हलत असायचा. इतका, की शेजारच्या टेबलावरच्या कपातली कॉफी थरथरायची आणि ऑफिसची मालकीण ओडेट बुशे आतल्या खोलीतून ओरडायची, "एइला, भूकंप थांबव गं!"

थंडर बे शहरातलं ते जमीनमोजणीचं, सर्व्हेचं ऑफिस लहानसंच होतं. ओडेटकडे सर्व्हेअरचा परवाना होता, त्यामुळे नकाशावर सही तिची आणि जबाबदारीही तिची. रानात, रस्त्यांवर जाऊन मोजणी करायचा रेइनो कांगास. त्यानं आणलेली मोजणी कॉम्प्युटरवर घेऊन तिचा नकाशा करायची एइला. पूर्वी रेइनोबरोबर पट्टी धरायला माणूस असे. नवी यंत्रं आल्यापासून तो एकटाच जायचा. हातात दांडा, दांड्याच्या टोकाला उपग्रहांशी बोलणारी तबकडी, कमरेला छोटा डबा. दांडा जमिनीवर टेकवायचा, डब्यावर दोनचार अक्षरांची खूण टाइप करायची, बटण दाबायचं. झाला एक पॉइंट.

एइला शहराबाहेरच्या लप्पे गावातल्या एका गोठेवाल्याची मुलगी. शाळा संपवून या ऑफिसात आली तेव्हा नकाशे शाईनं काढत. पहिल्याच हिवाळ्यात रेइनोनं तिला बर्फातले बूट चढवायला लावले आणि बाहेर नेलं. "नकाशा काढणाऱ्यानं एकदा तरी कमरेएवढ्या बर्फात उभं राहावं, पोरी," तो म्हणाला होता. "मग रेघ ओढताना हात जरा जपून चालतो." पुढे तिचं लग्न झालं, नवरा तेलाच्या कामावर अल्बर्टाला गेला तो तिकडचाच झाला, आईवडील गेले, गोठा विकला गेला. ती पन्नाशीला आली तरी रेइनोच्या तोंडी 'पोरी'च राहिली.

नकाशा करायची तिची अशी एक शिस्त होती. एका रस्त्याच्या कामात पॉइंट हजारोंनी येतात. ते सगळे एकदम पडद्यावर आले तर मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं दिसतं, काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून तिनं गट पाडून ठेवले होते. झाडांचा गट, विजेच्या खांबांचा, मॅनहोलचा, कुंपणाचा, रस्त्याच्या कडेचा. खुणेवरून पॉइंट आपापल्या गटात जाऊन पडे आणि गटाचं चिन्ह अंगावर घेई. झाडाला हिरवं वर्तुळ, खांबाला काळा ठिपका. गटांची एक उतरंड असायची. एकच पॉइंट दोन गटांत आला, तर जो गट वर, त्याचं चिन्ह चाले. छापायची वेळ आली की ती 'काही दाखवू नको' नावाचा गट सगळ्यांच्या वर चढवायची, तसे सारे पॉइंट गुडूप व्हायचे आणि नुसता स्वच्छ नकाशा उरायचा. ज्या पॉइंटची खूण कुठल्याच गटात बसत नाही, त्याला मात्र तिनं लाल फुली ठरवली होती. लाल फुली म्हणजे काहीतरी चुकलं. रेइनोच्या कामात लाल फुली क्वचितच दिसे, आणि दिसली की ती त्याला दिवसभर चिडवायची.

त्या वर्षी मे महिन्यात तळ्यांवरचा बर्फ वितळला, रानात चावऱ्या काळ्या माश्या उठल्या आणि बाहेरची कामं सुरू झाली. रेइनोची पहिली मोजणी एइलानं उघडली आणि तिचा हलणारा पाय थांबला. पडद्यावर गोवर आल्यासारख्या लाल फुल्या उठल्या होत्या.

तिनं एक फुली उघडून पाहिली. खूण होती 'पूउ'. दुसरी पाहिली, 'किवी'. तिसरी, परत 'पूउ'. ते शब्द ओळखायला तिला काही वेळ लागला नाही. घरात लहानपणापासून ऐकलेली फिनिश भाषा ती. पूउ म्हणजे झाड, किवी म्हणजे दगड. रेइनोनं ऑफिसच्या ठरलेल्या खुणा सोडून चक्क आपल्या आईच्या भाषेत मोजणी केली होती.

दुपारी तो आला, टोपीवरच्या माश्या झटकत. तिनं हसतच विचारलं, "काय रे, आता फिनलंडचं काम घेतलंस की काय? झाडाला पूउ लिहून आलायस."

रेइनो हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "असं लिहिलं मी?"

"बघ की."

त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग खिडकीकडे. "गंमत केली तुझी," तो म्हणाला. "म्हटलं, पोरगी आईची भाषा विसरली का बघू." आणि कॉफी न घेताच निघून गेला. कॉफी न घेता गेलेला रेइनो एइलानं तोवर पाहिला नव्हता.

ती बराच वेळ येरझारा घालत राहिली. ओडेटच्या दारापर्यंत गेली, परत फिरली. मग टेबलाशी बसून तिनं एक साधी गोष्ट केली. झाडांच्या गटाचा नियम उघडला आणि त्यात 'पूउ' हा शब्द घातला. दगडांच्या गटात 'किवी' घातला. गट ताजे केले. लाल फुल्या एका क्षणात हिरव्या वर्तुळांत विरघळल्या. नकाशा कसा देखणा दिसायला लागला. ओडेटनं सही केली.

त्यानंतर तेच सुरू झालं. एका कामात खांबाला फिनिश नाव, दुसऱ्यात कुंपणाला. कधी सगळं ठीक असायचं, अगदी पूर्वीचा रेइनो. एइलाला वाटायचं, चला, गेलं एकदाचं. आणि पुढच्याच दिवशी पुन्हा फुल्या. ती नियमांत शब्द घालत गेली. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नसे. तिला स्वतःला मात्र घरी जेवताना घास गिळवेना. उभ्याउभ्याच खायची, ताट हातात घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत जायची. शेजारीण म्हणाली, "मांजर व्यायलीय का तुझ्या घरात? सारखी काय शोधतेस?"

एकदा 'काइवो' अशी खूण आली. काइवो म्हणजे विहीर, पण म्हातारी माणसं गटाराच्या मॅनहोललाही काइवोच म्हणतात. इथं आंधळेपणानं कुठल्याही गटात टाकून चालणार नव्हतं. तिनं रेइनोला फोन केला.

"काइवो म्हणजे कुठली रे? प्यायच्या पाण्याची की गटाराची?"

"कुठली काइवो?"

"ती पिवळ्या घराच्या अंगणातली. काल मोजलीस ती."

तो एकदम भडकला. "तुला सगळं मीच सांगायचं का? डोळे फुटलेत तुझे? खुर्चीत बसून बसून पार ऐदी झालीयस!"

तीस वर्षांत तो तिच्याशी या सुरात बोलला नव्हता. एइला शनिवारी स्वतः गाडी घेऊन गेली, पिवळं घर शोधलं, अंगणातलं गवत पायानं बाजूला केलं. कुजक्या फळ्यांनी झाकलेली जुनी विहीर होती. तिथंच पुढे रस्ता रुंद व्हायचा होता, मोठी यंत्रं चालायची होती. चुकून मॅनहोलच्या गटात टाकली असती तर? पण सोमवारी तिनं पॉइंट दुरुस्त केला आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

आउनेमावशीला, म्हणजे रेइनोच्या बायकोला, तिनं एकदा चाचपून पाहिलं. बाजारात गाठ पडली तेव्हा म्हणाली, "मावशी, रेइनो बरा आहे ना गं?"

"बरा? चांगला जेवतोय, घोरतोय," आउने म्हणाली. मग आवाज खाली आणून, "परवा अंघोळीच्या सॉनाची शेगडी पेटवायला गेला आणि कोरडी लाकडं सोडून माझी खुर्चीच फोडायला घेतली. म्हटलं, मेल्या, मला बसायला तरी ठेव!" ती हसली, पण पिशवीचे बंद बोटांभोवती गुंडाळत राहिली. त्यापुढे दोघीही काही बोलल्या नाहीत.

जून सरत आला होता. शुक्रवारची दुपार. रेइनो लप्पेच्या पलीकडच्या रस्त्याच्या कामावर होता. रोज तो मोजणी संपवून कॉफीच्या वेळेला ऑफिसात टेकायचा, शुक्रवारी हातात गुलाबी आयसिंगच्या पर्शियन बन्सचा खोका असायचा. त्या दिवशी कॉफीची वेळ झाली, टळली. एइलानं त्याला फोन लावला. फोन उचलला आउनेनं.

"अगं, फोन इथंच ब्रेडच्या डब्यावर विसरून गेलाय."

"घरी आला नाही ना?"

"नाही. का? तुमच्याकडे नाही?"

"येईल," एइला म्हणाली. "रस्त्यात कुणीतरी गप्पा मारायला भेटलं असेल." आणि फोन ठेवताच तिचा पाय असा हलायला लागला की तिला उठूनच उभं राहावं लागलं.

रेइनोच्या कमरेच्या डब्याला सिग्नल मिळाला की मोजलेले पॉइंट आपोआप ऑफिसात येत असत. तिनं काम उघडलं. गटांच्या नावांपुढे पिवळी उद्गारचिन्हं होती, म्हणजे नवे पॉइंट आले होते. आता या घडीलाही तो मोजतोय! तिनं हुश्श केलं आणि गट ताजे केले. रस्ता, रस्त्याच्या कडा, खांब, झाडं. सगळं जागच्या जागी, हिरवंगार, नीटस. काम चालू आहे, दुसरं काय.

ती खुर्चीत बसली. पुन्हा उठली. काहीतरी डाचत होतं. तिनं सगळा नकाशा एकदम पडद्यावर येईल असं बटण दाबलं, तशी रस्त्याची रेघ आक्रसून एका कोपऱ्यात केसाएवढी झाली. म्हणजे काहीतरी फार लांब होतं, रस्त्यापासून फार लांब. पण दिसत होती नुसती झाडांची वर्तुळं, आणि त्यांच्याखाली अंथरलेल्या, विमानातून घेतलेल्या फोटोत खरीच झाडी. हिरव्यात हिरवं. रानात झाडं असणारच, असं कुणीही म्हटलं असतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं, हे आपणच केलंय. फुल्यांना आपणच हिरवे कपडे चढवलेत.

तिनं झाडांच्या गटाचा नियम उघडला आणि त्यातून 'पूउ' शब्द खोडला. गट ताजे केले.

रस्त्यापासून लाल फुल्यांची एक माळ निघाली होती. पूउ, पूउ, पूउ. उत्तरेकडे, झाडीतून, मध्येच वळण घेऊन दलदलीच्या कडेनं, पुढे, आणखी पुढे. प्रत्येक झाडापाशी थांबून त्यानं इमानेइतबारे दांडा टेकवला होता आणि बटण दाबलं होतं. ती बघत असतानाच माळेच्या टोकाला आणखी एक फुली उमटली.

"ओडेट!" तिनं अशी आरोळी ठोकली की ओडेट चष्मा हातातच घेऊन धावत आली.

"काय झालं?"

"रेइनो रानात शिरलाय. वाट चुकलाय."

"रेइनो? वाट चुकलाय?" ओडेटला ते खरंच वाटेना. "अगं, त्याला या जिल्ह्यातला दगड न् दगड ठाऊक आहे."

"आता नाही ठाऊक," एइला म्हणाली. "सगळं सांगते. गाडीत सांगते. आधी पोलिसांना फोन कर."

तिनं शेवटचा पॉइंट कुठं आहे ते हातातल्या दुसऱ्या यंत्रात उतरवून घेतलं आणि दोघी निघाल्या. गाडी ओडेट चालवत होती. एइला बोलत होती, मेपासूनचं सगळं. पूउ, किवी, विहीर. ओडेटची स्टिअरिंगवरची बोटं पांढरी पडत गेली.

रेइनोची गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, दार उघडं, आत माश्यांचा गोंगाट. एक पोलीस आणि जवळच्या शेतावरचा माणूस कुत्रा घेऊन आले होते. एइला कुणाची वाट न बघता झाडीत घुसली. यंत्र दिशा दाखवत होतं आणि ती पळत होती, फांद्यांचे फटके तोंडावर घेत, मांडीपर्यंत चिखलात रुतत. मागून ओडेट ओरडत होती, "हळू, बाई, नाहीतर दोघांना शोधावं लागेल!" जूनचा सूर्य अजून चांगला वर होता, पण दाट स्प्रूसच्या झाडांखाली सावली काळपट झाली होती.

बीव्हर प्राण्यांनी ओढ्याला बांध घालून केलेल्या एका तळ्यापाशी तो सापडला. गुडघाभर पाण्यात उभा. माश्यांनी चावून कान आणि मान रक्ताळलेली. दांडा मात्र अगदी सरळ धरलेला, डोळा दांड्यावरच्या पाणसळीतल्या बुडबुड्यावर. समोरच्या वाळलेल्या झाडाशी तो दांडा टेकवू बघत होता आणि पाणी खोल असल्यामुळे पोचत नव्हता.

"रेइनो," ती हळूच म्हणाली.

त्यानं वळून पाहिलं. चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा होता. लहान मूल दमतं तसा. तो फिनिशमध्ये म्हणाला, "झाडं संपतच नाहीत गं, पोरी. किती मोजली तरी संपत नाहीत."

"पुरे झाली आता," तीही त्याच भाषेत म्हणाली. "माझ्याकडे सगळी आली. एकही सुटलं नाही."

"नक्की?"

"नक्की. चल, कॉफी प्यायला."

तिनं दांडा आपल्या हातात घेतला. त्यानं तो सहज सोडला नाही. बोटं एकेक करून उकलावी लागली.

सोमवारी ओडेटनं एइलाला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ती ओरडली नाही, आणि त्याचंच एइलाला जास्त लागलं.

"त्या नकाशांवर सही माझी आहे," ओडेट म्हणाली. "विहीर चुकली असती, कुणी आत गेलं असतं, तर मी काय सांगितलं असतं? पण ते राहू दे. तो माणूस तळ्यात मेला असता, एइला. तू त्याला झाकलंस आणि तो आत आत जात राहिला."

"मला वाटलं, तू त्याला काढून टाकशील."

"टाकलंच असतं. घरी बसवलं असतं. आउनेजवळ, पंख्याखाली." ओडेटनं डोळ्यांवरून हात फिरवला. "मला सांगायचं होतंस गं. मी काय परकी आहे?"

राजीनामा देते, असं एइला म्हणाली. ओडेट म्हणाली, "पळून जायचं सुचतंय होय तुला? त्यापेक्षा बूट चढव. मेपासूनचं प्रत्येक काम परत मोजायचं. तूच मोजायचंस."

तो सगळा उन्हाळा एइलानं बाहेर काढला. जाळीची टोपी घालून, हातांना तेल चोपडून, रेइनोच्या मागोमाग चालावं तशी ती त्याच्या पॉइंटांवर दांडा टेकवत फिरली. बहुतेक ठिकाणी खूण चुकलेली असली तरी मोजमाप बोटभरही हललेलं नव्हतं. क्वचित एखादा पॉइंट मात्र भलतीकडेच असायचा, शेताच्या मधोमध, जिथं ना झाड ना दगड, आणि तिथं उभं राहून तिला कळत नसे की त्याला त्या दिवशी इथं काय दिसलं असेल. रात्री तिला झोप लागायला लागली, पण शांत नाही. स्वप्नातही ती चालतच असायची.

डॉक्टरांनी जे सांगायचं ते सांगितलं. आउनेनं घराच्या दारांना घंट्या बांधल्या. शनिवारी सॉना झाल्यावर एइला त्यांच्या स्वयंपाकघरात बसायची, पुढ्यात माशाचं सूप आणि वेलचीचा गोड पाव. बोलायचं ठरवून जायची आणि न बोलता परत यायची. एका शनिवारी रेइनोचं डोकं बरंच लख्ख होतं. तिनं तेव्हा बोलून टाकलं.

"मी झाकलं रे तुझं. पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं."

रेइनो पाव कॉफीत बुडवून खात राहिला. मग म्हणाला, "बोलली असतीस तर मी खोटंच सांगितलं असतं. सांगितलंच होतं की. गंमत केली म्हणून."

"तुला कळत होतं?"

"थोडं थोडं. शब्द शोधायला जायचो तर जुनेच हाताला लागायचे." तो तिच्याकडे बघून डोळे मिचकावत म्हणाला, "पण पॉइंट बरोबर होते की नाही माझे?"

"होते."

"मग!" त्यानं आउनेकडे कप सरकवला. "हिला सांग, मला कामावर घ्या म्हणावं."

"हो, घेतील," आउने म्हणाली. "आधी स्वतःचं घर शोधून दाखव म्हणतील."

तिघंही हसली. पुढच्या शनिवारी त्याला हे बोलणं आठवत नव्हतं. एइलाला पुन्हा सांगावंसं वाटलं, पण तिनं सांगितलं नाही.

सप्टेंबरात बर्चची पानं पिवळी झाली. रेइनोला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, म्हणून एइला त्या दोघांना घेऊन निघाली. आउने मागे, रेइनो पुढे, काचेला नाक लावून. एका फाट्यावर तो एकदम म्हणाला, "डावीकडे घे."

रस्ता सरळ होता, एइलाला डोळे मिटूनही माहीत होता. मागून आउने म्हणाली, "ऐकू नकोस त्याचं. उशीर होतोय."

"डावीकडे," रेइनो म्हणाला. सूर तोच होता, कमरेएवढ्या बर्फात उभा राहून सांगायचा तो.

एइलानं क्षणभर घड्याळाकडे पाहिलं आणि गाडी डावीकडे वळवली. डांबर संपलं, खडी लागली, खडीचीही माती झाली आणि रस्ता एका तळ्याच्या काठाशी येऊन थांबला. होड्या उतरवायचा उतार होता, वर एक मोडकं बाक. वाऱ्यानं पाण्यावर सुरकुत्या उठत होत्या.

"बघितलंस?" आउने म्हणाली. "आता उशीर का झाला ते तूच सांग त्या डॉक्टरला."

रेइनोनं खाली उतरून इकडंतिकडं पाहिलं. आपण इथं कशाला आलो ते त्याला सांगता येत नव्हतं, आणि ते कुणी विचारू नये असंही त्याला वाटत असावं. एइलानं थर्मास काढला. तिघं बाकावर दाटीवाटीनं बसून कॉफी प्याली. एइलाचा पाय हलत होता, बाक हलत होतं, आणि आउने म्हणत होती, "बाई गं, सांडतंय सगळं." मग एइलानं गाडी मागे घेतली, वळवली आणि जोरात हाणली. तिकडे डॉक्टर त्यांच्यासाठी थांबले होते.